सोळा घरांचं सुडोकू

मंगळवार

पेपरात रोज येणारं नऊ बाय नऊचं सुडोकू सध्या आईच्या वाट्याला. चहा, पेन्सिल आणि ती. मी मात्र गेले काही महिने छोट्या चौकटींत रमले आहे. चार बाय चार किंवा सहा बाय सहा, आणि त्यावर एखादा जगावेगळा नियम. कुणी विचारलं की मी वही पुढे करते आणि समोरचा हमखास म्हणतो, "हे तर लहान मुलांचं." सोळा घरं बघून तसं वाटणं साहजिक आहे. साधं चार बाय चार खरंच मिनिटभरात सुटतं, त्यात फार काही नसतं. नियम बदलला की त्याच सोळा घरांत असं काही घडतं, की मला तासभर दुसरं काही सुचत नाही.

नियम म्हणजे कसले? किलरमध्ये तुटक रेघेने वेढलेल्या घरांची (म्हणजे पिंजऱ्याची) बेरीज दिलेली असते. थर्मामीटरवर गोल बुडापासून टोकाकडे अंक चढत जायला हवेत. बाणाच्या नियमात दांडीवरच्या अंकांची बेरीज गोलातल्या अंकाएवढी. आणि माझा सगळ्यात लाडका, घोड्याचा: बुद्धिबळातला घोडा अडीच घरं उडी मारून जिथे पोचेल तिथे तोच अंक पुन्हा येता कामा नये. बाकी सुडोकूचं नेहमीचं आहेच. आडव्या रांगेत, उभ्या ओळीत आणि चौकोनात प्रत्येक अंक एकदाच.

हे सगळं नऊ बाय नऊतही चालतं, आणि तिथेच ते गाजलं. २०२० च्या मे महिन्यात, सगळं जग घरात बसलेलं असताना, मिचेल ली यांनी रचलेलं एक कोडं सायमन अँथनी यांनी यूट्यूबवर सोडवून दाखवलं होतं. एक्क्याऐंशी घरांपैकी फक्त दोन भरलेली, एकात १ आणि एकात २. वाचल्यावर सायमनना आधी वाटलं की आपली कुणीतरी फिरकी घेतंय. मग साधारण पंचवीस मिनिटांत त्यांनी ते सोडवलं. नियम तीन होते. घोड्याच्या उडीवर तोच अंक नाही, राजाच्या एका पावलावर (म्हणजे कोपऱ्याला कोपरा लागणाऱ्या घरात) तोच अंक नाही, आणि शेजारशेजारच्या घरांत ४-५ सारखे लागोपाठचे अंक नाहीत. ते कोडं मी तेव्हा बघितलं आणि माझं सुडोकूकडे बघणंच बदललं. तोवर मला वाटायचं की कोड्यातली माहिती म्हणजे आधी भरून दिलेले अंक. त्या दोन अंकांत काय माहिती असणार? सगळी माहिती नियमांत होती.

फक्त एवढ्या मोठ्या चौकटीत नियम नेमकं काय करतो ते एका नजरेत मावत नाही. सोळा घरांत मावतं. मी छोट्या चौकटींकडे वळले ते त्यासाठी.

बुधवार, रात्री

आज फक्त घोडा घेऊन बसले. चार बाय चारची रिकामी चौकट, वरच्या रांगेत १ २ ३ ४ लिहिले आणि पुढे किती वाटा फुटतात ते बघायचं ठरवलं.

दुसऱ्या रांगेचं पहिलं घर. त्या दोन बाय दोनच्या चौकोनात १ आणि २ वर येऊन गेले, म्हणजे इथे ३ किंवा ४. वरच्या रांगेतल्या ३ वर घोडा बसलाय असं धरा. तो दोन घरं डावीकडे आणि एक खाली उडी मारून नेमका याच घरात येतो. म्हणजे ३ बाद, इथे ४, आणि शेजारी ३. उजवीकडच्या चौकोनातही तसंच. १ ची उडी तिसऱ्या घरात पडते, म्हणून तिथे २ आणि शेवटी १. दुसरी रांग झाली ४ ३ २ १, पहिलीच्या बरोबर उलटी.

तिसऱ्या रांगेच्या पहिल्या घरावर उभ्या ओळीतले १ आणि ४ आहेत. उरले २ आणि ३. पहिल्या रांगेतला २ दोन घरं खाली आणि एक डावीकडे उडी मारून इथेच पोचतो. म्हणजे ३. असंच पुढे जात राहिले, आणि एकाही घरात मला निवड करावी लागली नाही:

१ २ ३ ४
४ ३ २ १
३ ४ १ २
२ १ ४ ३

साध्या चार बाय चार सुडोकूच्या एकूण २८८ भरलेल्या चौकटी होतात. घोड्याचा नियम लावला की वरची रांग ठरताच सगळं ठरतं. चार अंक वरच्या रांगेत २४ प्रकारे मांडता येतात, म्हणजे चौकटीही २४ च. एकच घडण, फक्त अंकांची नावं बदलायची. शेवटी तपासताना दोन्ही कर्ण वाचले: एकावर १ ३ १ ३, दुसऱ्यावर ४ २ ४ २. हे कुणी सांगितलं नव्हतं, मी मागितलंही नव्हतं. घोड्याने स्वतःहून आणून दिलं. खूप वेळ मी त्या चौकटीकडे नुसती बघत बसले.

गुरुवार

किती कमी सांगून भागेल, हा प्रश्न सुडोकूवाल्यांना फार जुना आहे. हे कोडं आज आपण ओळखतो त्या रूपात १९७९ मध्ये अमेरिकेत डेल प्रकाशनाच्या मासिकात छापलं गेलं. रचणारे हॉवर्ड गार्न्स, निवृत्त वास्तुरचनाकार. जपानमध्ये निकोली या प्रकाशनाने ते १९८४ मध्ये उचललं, माकी काजी यांनी त्याला सुडोकू हे नाव दिलं आणि २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आल्यावर ते जगभर पसरलं. नऊ बाय नऊच्या साध्या सुडोकूत एकच उत्तर हवं असेल तर निदान १७ अंक द्यावेच लागतात, हे गॅरी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाला भरपूर राबवून दाखवलं. साध्या चार बाय चारमध्ये निदान ४ द्यावे लागतात.

काल रात्रीच्या घडणीत ३ पुरतात. तीन वेगवेगळे अंक कुठल्याही घरांत दिले की झालं. तीनपेक्षा कमी चालणार नाही, कारण मग उरलेले दोन अंक एकमेकांची जागा खुशाल घेतील आणि कुठलाच घोडा तक्रार करणार नाही. हा घोडा अंकांची किंमत बघत नाही, फक्त सारखे की वेगळे एवढंच बघतो. एकही अंक द्यायचा नसेल तर लहानमोठेपणा ओळखणारा आणखी एखादा नियम हवा. म्हणजे थर्मामीटर.

दुपारच्या सुट्टीत ऑफिसात कागदावर हेच चाललं होतं. वरच्या रांगेत थर्मामीटर आडवा टाकला तर कोडंच उरत नाही. मग मधल्या चार घरांकडे लक्ष गेलं. ही चार घरं चार वेगळ्या चौकोनांत मोडतात, आणि कालच्या घडणीत तिथे चारही अंक वेगळे आहेत. झालं की! थर्मामीटरचं बूड दुसऱ्या रांगेच्या दुसऱ्या घरात, तिथून उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे. बाकी चौकट कोरी. वाचणाऱ्यांनी कागदावर काढून बघा, उत्तर खाली आहे.

रविवार

ताई आणि तिचा मुलगा आले होते. भाचा बुद्धिबळाच्या क्लासला जातो, त्यामुळे घोडा त्याला समजावून सांगावा लागला नाही. कोरी चौकट बघून तो म्हणाला, "मावशी, तू अंक लिहायची विसरलीस."

"नाही रे, एवढंच आहे."

मधल्या चार घरांत चढते अंक म्हणजे १, २, ३, ४ हे त्याला लगेच दिसलं. मग तो थांबला. मी गप्प राहिले. कोडं रचणाऱ्याने अशा वेळी तोंड उघडू नये असं माझं ठाम मत आहे. केनकेन हे कोडं काढणारे जपानी शिक्षक तेत्सुया मियामोतो न शिकवता शिकवण्यावर भर देतात. मला ते पटतं ते असल्या क्षणांमुळेच. मुलाच्या चेहऱ्यावर विचार चाललेला दिसत असताना मदत करणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलून खाणं आहे.

भाच्याने ३ वर बोट ठेवलं, हवेत उडी मारली आणि बोट दुसऱ्या रांगेच्या पहिल्या घरात आणलं. "इथे ३ नाही चालणार. मग ४!" तिथून पुढे गाडी थांबली नाही. मग २ वरून उडी मारून तिसऱ्या रांगेच्या पहिल्या घरात, म्हणजे तिथे १. कोपरे सगळ्यात शेवटी भरले:

३ २ १ ४
४ १ २ ३
१ ४ ३ २
२ ३ ४ १

आई बाजूला बसून बघत होती. ती म्हणाली, "अगं, एकही आकडा न देता सुटलं?" आणि आपली पेन्सिल घेऊन तेच पुन्हा पहिल्यापासून स्वतः करून बघितलं. मग भाच्याने विचारलं, "आणि राजाचं केलं तर?"

रविवार, उशिरा

राजाचं होतच नाही! हे मला माहीत नव्हतं आणि आत्ता कळलंय, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

पुन्हा वर १ २ ३ ४. दुसऱ्या रांगेच्या पहिल्या दोन घरांत ३ आणि ४ यायचे. दुसऱ्या घराच्या कोपऱ्याला वरचा ३ लागतो, म्हणून तिथे ४, आणि पहिल्या घरात ३. तिसऱ्या घरात १ किंवा २. कोपऱ्याला वरचा २ आहे, म्हणून १. दुसरी रांग ३ ४ १ २. आता तिसऱ्या रांगेचं दुसरं घर बघा. उभ्या ओळीत वर २ आणि ४. कोपऱ्यांना ३ आणि १. चारही अंक बाद. त्या घरात लिहायला काहीच उरत नाही. वरच्या रांगेत अंक कुठल्याही क्रमाने लिहा, याच घराशी येऊन सगळं अडतं.

म्हणजे सोळा घरांत घोडा एकाच घडणीत राहतो आणि राजा मुळीच राहत नाही. एक पाऊल टाकणारा राजा लांब उडीच्या घोड्यापेक्षा कडक निघाला. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

सहा बाय सहात मात्र राजाला जागा आहे. दोन रांगा आणि तीन ओळींचे चौकोन धरून ही एक चौकट:

१ २ ३ ४ ५ ६
४ ५ ६ १ २ ३
२ ३ ४ ५ ६ १
५ ६ १ २ ३ ४
३ ४ ५ ६ १ २
६ १ २ ३ ४ ५

एकही अंक कोपऱ्याने आपल्या जोडीदाराला लागत नाही. प्रत्येक रांग १ २ ३ ४ ५ ६ चंच चक्र, फक्त सुरुवात वेगळी. सहा बाय सहाच्या साध्या चौकटी २,८२,००,९६० आहेत. इतक्या गर्दीत राजाला कुठेतरी जागा मिळणारच होती, पण ती इतक्या सुबक रूपात मिळेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार

सहा बाय सहासाठी नवा नियम हाताशी घेतलाय. नऊ बाय नऊमध्ये जर्मन व्हिस्पर्स म्हणतात तो. रेघेवरच्या शेजारी अंकांत निदान ५ चा फरक हवा, त्यामुळे खुद्द ५ ला रेघेवर पायच ठेवता येत नाही. सहा अंकांत फरक निदान ३ चा ठेवायचा. मग ३ चा शेजारी फक्त ६ होऊ शकतो आणि ४ चा शेजारी फक्त १.

एक रेघ पूर्ण आडव्या रांगेतून ओढली. सहाच्या सहा घरं रेघेवर, एकही अंक दिलेला नाही. ३ ला एकच शेजारी चालतो, म्हणजे तो टोकाला. ४ चंही तेच, तो दुसऱ्या टोकाला. ३ शेजारी ६, ४ शेजारी १. मध्ये उरले २ आणि ५. ६ च्या शेजारी ५ चालणार नाही, म्हणून २. रांग तयार: ३ ६ २ ५ १ ४. किंवा हीच उलटी, ४ १ ५ २ ६ ३. दुसरं काही शक्यच नाही.

एका रेघेने अख्खी रांग लिहून टाकली, फक्त दिशा सांगायची राहिली. आता मला ती दिशा कोड्याच्या अगदी शेवटी कळायला हवी आहे. रेघ वरून तिसऱ्या रांगेत ठेवून खाली दोन-तीन किलरचे पिंजरे टाकून बघितले. पहिल्या रचनेत दिशा फार लवकर कळते, दुसरीत दोन उत्तरं निघतात. सहा बाय सहात दोन घरांच्या पिंजऱ्यावर ११ लिहिलं की आत ५ आणि ६ च असणार. हा पिंजरा मला रेघेपासून लांब, खालच्या उजव्या चौकोनात हवाय.

भाच्याने फोनवर उंटाचं चार बाय चार मागितलंय. त्याला सांगितलं की राजाला जिथे जागा नाही तिथे उंटाला कुठून मिळणार, कारण राजाचं तिरकं पाऊल उंटाच्या चालीत येतंच. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग वजीराचं पण नाही." बरोबर. आता त्याला सहा बाय सहात हत्तीचं हवंय. ते म्हणजे साधं सुडोकूच, हे त्याचं त्यालाच कळू दे.