ओल्ड गोव्याला चालत जाताना

यंदा सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) चालतच जायचं असं मी पावसाळ्यातच ठरवलं होतं. नवस वगैरे काही नाही. ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि किडनीच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे ते आहेच. दोनदा फोन आला, तयार राहा म्हणाले, आम्ही बॅग भरून बसलो आणि दोन्ही वेळा दुसऱ्याला मॅच झाली. त्या घरासाठी प्रार्थना केली मी, पण खरं सांगते, ती मनापासून यायला आठवडा गेला.

१ डिसेंबरला पहाटे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली. पुढे क्रूस, मागे टेम्पोत बॅगा, रोझरीची प्रार्थना चालू. म्हापसा येईपर्यंत सगळ्यांचं बोलणं बंद झालेलं, फक्त चपलांचा आवाज.

रात्री एका चॅपलच्या हॉलमध्ये मोजे काढले तर टाचेला हा मोठा फोड आणि घोट्याभोवती इलॅस्टिकचा वळ. सवयीने मी नडगीवर अंगठा दाबून बघितला. ह्यांच्या पायावर रोज दाबते ना तसा, डायलिसिसच्या आदल्या दिवशी दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो, त्यावरून कळतं अंगात किती पाणी साठलंय. माझा लगेच भरून आला आणि मला तिथेच रडू फुटलं.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की चाळीस वर्षं रानात चाललात पण तुमचे पाय सुजले नाहीत. या ओळीवरून मी देवाशी भांडलेय, मग आमच्याच घरात का सुजतात, महिनाभर बायबल उघडलं नव्हतं. पण त्याच्या जरा आधीच लिहिलंय की देवाने त्यांना उपाशी ठेवलं आणि मग मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, दिला. तोही रोजचा रोज, साठवला की किडे पडायचे. आमचं तसंच चाललंय, आज मशीनवर बीपी पडलं नाही, आजचं मिळालं.

सकाळी फादर संत झेवियरबद्दल बोलले. १५५२ साली चीनजवळच्या एका बेटावर तो बोटीची वाट बघत होता, एका व्यापाऱ्याने पलीकडे न्यायचं कबूल केलेलं, तो आलाच नाही, आणि ३ डिसेंबरला तापाने हा माणूस तिथेच गेला, अवघा ४६ वर्षांचा. इतकी वर्षं फेस्ताला जातेय पण ही तारीख वाट बघता बघता गेलेल्या माणसाची आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! रिबंदरच्या कॉजवेवर हेच मनात घोळत होतं, तीनेक किलोमीटर सरळ रस्ता, पाय उचलत नव्हते. त्याची बोट आली नाही म्हणून देवाने त्याला सोडलं होतं असं कोण म्हणेल? मग आमच्या लिस्टबद्दल मी तसं का म्हणत होते?

तीन तारखेला मिस्सा झाल्यावर घरी फोन लावला. हे म्हणाले, "पाय कसे आहेत?"

"सुजलेत. तुमचे?"

"आज कमी आहेत गं."

दुसऱ्या दिवशी त्यांची डायलिसिसची सकाळी सहाची शिफ्ट होती, म्हणून मी बाकीच्यांसाठी न थांबता मिळेल ती पहिली बस पकडली.