इब्न हज्मची तिजाई

पुण्यात वकिली करताना कोकणी मुस्लिम कुटुंबांची वाटणीची कामं माझ्याकडे बरीच येतात. त्यातलं एक दुखणं ठरलेलं. मुलगा बापाआधी गेला आणि दुसरा हयात असला, की गेलेल्याच्या पोरांना आजोबांच्या मिळकतीत दमडी नाही. हनफी असोत की शाफिई, सुन्नींच्या या दोन्ही कायदापंथांत नियम तोच.

त्या दिवशी मात्र कैरोचा वारसदाखला हातात आला. अशील इथे शिकणारी इजिप्तची मुलगी. बाप आधीच वारलेला, मग आजोबा गेले; मागे एक काका, एक आत्या. आणि कागदावर नातीला एक तृतीयांश! तिच्या खात्यात आलेल्या रकमेवर बँकेच्या विधी अधिकाऱ्याने बोट ठेवलं होतं: काका असताना नात वारस कशी? प्रश्न रास्तच होता.

ती वारस नाहीच. इजिप्तच्या १९४६ च्या ७१ क्रमांकाच्या कायद्याने तिला मिळते ती सक्तीची वसियत, म्हणजे मृत्युपत्राने दिलेला वाटा. आजोबांनी केली नसली तरी केली असं धरून. बाप असता तर पाचांतले दोन हिस्से त्याचे. पण वसियतीला तिजाईची, म्हणजे एक तृतीयांशाची मर्यादा, म्हणून तिला तिजाई. उरलेल्यात काकाला दोन वाटे, आत्याला एक.

याचा मुख्य आधार इब्न हज्म. स्पेनमधल्या कुर्तुब्याचा (कॉर्डोबा) जाहिरी, म्हणजे धर्मवचनाचा शब्दशः अर्थ धरणारा पंडित, १०६४ मध्ये वारला. नातलगांसाठी वसियत करण्याची कुराणातली आज्ञा (२:१८०) वारशाच्या आयतींनी रद्द झाली, असं बहुतेक फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, मानतात. हा म्हणाला, ज्यांना वारसा मिळत नाही त्यांच्यापुरती ती अजून फर्जच, म्हणजे बंधनकारक. सेव्हिलमध्ये त्याची पुस्तकं जाळली गेली, पुढे त्याचा मजहबही (कायदापंथ) मावळला. जवळजवळ नऊशे वर्षांनी पोरक्या नातवंडांसाठी कैरोच्या कायदेकारांनी हेच मत उचललं. किती द्यायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. बापाच्या हिश्शाचं माप कैरोवाल्यांचं. शब्दाला इतका घट्ट धरणाऱ्या माणसाला ही जोडणी रुचली असती का, मला शंकाच आहे. पण सीरियाने १९५३ मध्ये, ट्युनिसियाने १९५९ मध्ये अशीच तरतूद केली.

टिपण दिल्यावर रक्कम मोकळी झाली. अधिकाऱ्याने विचारलं, "आपल्याकडे हे चालेल?" नाही. इथे आजोबांनी हयातीतच वसियत केली तर.

संध्याकाळी दापोलीच्या एका अशिलाला फोन लावला. त्यांचा थोरला गेलाय, दोन लहान पोरं मागे.

"चाचा, वसियतीचं राहिलंय."

"धाकट्याला विचारून सांगतो."

नातवंडांना तिजाईपर्यंत द्यायला धाकट्याची परवानगी लागत नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं.