आरंभीची शिल्लक

जुलै जवळ आला की माझे हात अजून शिवशिवतात. एकतीस वर्षं स्थानिक निधी लेखापरीक्षेत काढली. नगरपालिकांची रोकडवही, मोजमाप पुस्तकं, साठा नोंदवही, हेच माझं जग. निवृत्त होऊन पुण्यात आलो आणि तपासायला काही उरलं नाही. मग पुणे महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल हाती घेतला. "हे काय वाचायचं असतं?" असं आमच्या हिनं विचारलं, पण लेखापरीक्षकाची हिरवी शाई तिनंच आणून दिली.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 67अ सांगतं की, सरलेल्या वर्षात शहराच्या पर्यावरणाची स्थिती काय होती, याचा अहवाल आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी महापालिकेसमोर ठेवायचा. माझी हिरवी शाई 'समोर' या शब्दाभोवती फिरते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रशासक म्हणजे आयुक्तच. ठेवणारे तेच आणि ज्यांच्यासमोर ठेवायचा तेही तेच. असे चार जुलै गेले. रोखपालानं रोकड मोजून तपासणीची सहीही स्वतःच ठोकली, तर आम्ही पहिला आक्षेप तिथंच घ्यायचो. इथं कायद्यानं सगळं बरोबर होतं, म्हणून आक्षेप घेता येईना. त्याचाच जास्त त्रास झाला.

बाकी लेखापरीक्षकाची नजर एकाच ठिकाणी जाते: गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि यंदाची आरंभीची शिल्लक जुळते का?

मैलापाण्याचं घ्या. जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्यानं मुळा-मुठेचं प्रदूषण कमी करायची योजना 2016 च्या जानेवारीत मंजूर झाली. खर्च 990.26 कोटी, 11 नवी शुद्धीकरण केंद्रं, जुन्या 477 दशलक्ष लिटर क्षमतेत रोज 396 दशलक्ष लिटरची भर. मुदत जानेवारी 2022. ती उलटून गेली. पहिल्या निविदा रद्द झाल्या, वर्षं गेली, मग कामं सुरू झाली. संध्याकाळी भिडे पुलावरून चालत येताना नाकाला यातलं बरंचसं समजतं, त्याला अहवाल लागत नाही.

नगरपालिकेत असं झालं की पहिल्या वर्षी आक्षेप. दुसऱ्या वर्षी तोच, 'मागील अहवालातील प्रलंबित आक्षेप' या मथळ्याखाली. अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं समाधान करणारं उत्तर, येईपर्यंत तो परिच्छेद सुटत नाही. एका गावात मला आधीच्या तीन लेखापरीक्षकांकडून हातपंपाच्या सुट्या भागांचा आक्षेप वारशानं मिळाला होता. रक्कम तीनशे रुपयेसुद्धा नव्हती. भाग सापडले नाहीतच, मीही तो पुढच्याच्या हवाली केला. पण प्रत्येक मुख्याधिकाऱ्याला त्याबद्दल उत्तर द्यावं लागलं. पर्यावरणाच्या अहवालामागे असं शेपूट कायद्यानंच लावलेलं नाही. कलमात अहवाल 'ठेवण्या'पुढं काही नाही. गेल्या वर्षी काय करू म्हणाला होतात, हे विचारायला जागाच नाही.

गाड्यांच्या आकड्याकडे मात्र मी जरा संशयानंच बघतो. 2018 मध्ये बातमी आली होती की, पुण्यात 36 लाखांवर वाहनं आणि माणसं 35 लाखांच्या आसपास. शहरभर हळहळ. माझी 1991 ची स्कूटर जिन्याखाली पडून आहे, चाकं सुद्धा नाहीत. नोंद रद्द करायला मी गेलो नाही, म्हणजे तीही त्या 36 लाखांत असणार. खात्यात आम्ही याला 'साठा प्रत्यक्ष पडताळला नाही' म्हणायचो. रस्त्यावर गर्दी नाही असं माझं म्हणणं नाही. मोजणी कशाची केली ते लिहा, एवढंच.

आणि वर्षाचं गणित. अहवालाचं वर्ष 31 मार्चला संपतं. 25 जुलै 2024 ला पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलं, लोकांना बोटीतून काढावं लागलं. सहा दिवसांनी ज्या अहवालाची मुदत संपत होती, त्याच्या वर्षात ते पाणी बसतच नाही. ते पुढच्या खात्यावर.

आमच्या सोसायटीचंही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच खाती काढतो. गांडूळखत आणि सौर बंब यांवर मिळकत करात 10 टक्के सवलत मिळते. ती आम्ही घेतो. गांडुळं मे महिन्यात दोनदा मेली. कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मावशी येतात, त्या डबा उघडून एका नजरेत सांगतात कुणाच्या घरी ओलं-सुकं एकत्र होतं. इतका चोख तपासनीस मी खात्यात पाहिला नाही.

यंदा, 2026 च्या जानेवारीत, निवडणूक झाली, सभागृह पुन्हा भरलं. म्हणजे येत्या जुलैत अहवाल खरोखर कुणासमोर तरी जाईल. मी आमच्या प्रभागातल्या एका नगरसेवकांना अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं: अहवाल आला की मागच्या वर्षीचा शेजारी ठेवा, दोन्हींतला मैलापाण्याचा तक्ता एकदम उघडा आणि फरक विचारा. चार दिवसांनी त्यांच्या कार्यालयातून एका मुलाचा फोन आला. गोड बोलला. म्हणाला, "काका, साहेबांनी पत्र वाचलं. पण तुमची तक्रार नक्की ड्रेनेजची आहे का पाण्याची? तसं फॉर्ममध्ये टाकावं लागतं."

मी ड्रेनेज सांगितलं. टोकन नंबर आलाय.