आठ नंबरचं आळं

रविवार, रात्रीचे साडेदहा

आमच्या बागेला पुरस्कार मिळाला. ‘आमच्या’ म्हणायचा मला कितपत हक्क आहे, हे सकाळपासून डोक्यात घोळतंय. म्हणून बऱ्याच दिवसांनी वही उघडली.

नऊ वाजता कार्यक्रम होता. पालिकेचे अधिकारी, शाळेची मुलं आणि झाडांची निगा राखणारा आमचा दहा-बारा जणांचा गट. सन्मानचिन्ह हातोहात फिरलं, चांगलं जड होतं. प्रवेशद्वाराशी नवा फलक लागलाय. लावलेली झाडं एवढी, हिरवी केलेली पडीक जागा एवढी, सहभागी नागरिक एवढे. त्या नागरिकांत मीही आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्या लागवडीला मी एक रोप लावलं होतं. फोटो आहे त्याचा. हातात फावडं, बुटांना चिखल आणि चेहऱ्यावर पृथ्वी वाचवल्याचं समाधान. त्यानंतर वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. ‘लावलेली झाडं’ या आकड्यात मात्र ते अजून हिरवंगार आहे.

हे आज कुणाला बोलले नाही. माळीकाकांना माहीत आहे. वर्षभराने मी सहज पाय मोकळे करायला गेले तर आठ नंबरच्या आळ्यात नुसती आधाराची काठी उभी आणि तिला सुतळीचं वेटोळं. मी विचारलं, “काका, इथलं झाड कुठे गेलं?” ते म्हणाले, “तुम्ही आला होतात का पाणी घालायला?” रागाने नाही, चौकशी केल्यासारखं. मला काही उत्तर सुचेना. पुढच्या रविवारपासून जायला लागले ती त्या प्रश्नामुळे. पर्यावरणाच्या प्रेमापोटी गेले, असं गटाच्या माहितीपत्रकात माझ्या नावाने छापलंय, ते खोटं आहे.

काकांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं की मी झाडाला पाणी घालत नव्हते, माती ओली करत होते. रोज झारीने वरवर शिंपडलं की ओल दोन बोटांच्या खाली उतरत नाही. मुळंही मग वरच घोटाळतात आणि कडक ऊन पडलं की आधी तीच भाजतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा आळं काठोकाठ भरायचं, मुरेपर्यंत थांबायचं, पुन्हा भरायचं. मुळं ओलीच्या मागे खाली जातात. पहिले दोन-तीन उन्हाळे एवढं केलं की बहुतेक झाडं पुढे आपलं आपण बघतात. पालापाचोळ्याचं आच्छादन जाड घालायचं, पण खोडाला टेकू द्यायचं नाही, कारण बुंध्याशी ओल धरून राहिली की साल कुजते. मी हौसेने बुंध्याला लगटून चांगला डोंगर रचला होता. काकांनी एका हाताने तो बाजूला सारला आणि नळी माझ्या हातात दिली.

आणि अठरा नंबर. हे जुन्या लागवडीतलं झाड. रोप असताना काठीला तारेने बांधलेलं, नंतर तार सैल करायची कुणाला आठवण राहिली नाही. झाड जाड होत गेलं, तार आत रुतत गेली. मी पाहिलं तेव्हा तार दिसतही नव्हती. खोडाभोवती फक्त खोल खाच होती, करकचून दोरा बांधलेल्या बोटासारखी, आणि तिच्या वरचा भाग सुजलेला. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. तिथे फास बसला की मुळं उपाशी. पाणी मात्र लाकडातून वर चढत राहतं, म्हणून पानं बराच काळ ठणठणीत दिसतात आणि लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही. आम्ही पक्कड घेऊन तासभर झटापट केली. तारेचा एक तुकडा आत राहिला तो राहिलाच. झाड जगलं. आज सगळ्यांनी फोटो त्याच झाडाखाली काढले, कारण सावली तिथेच होती. खाच पाहुण्यांच्या पाठीमागे झाकली गेली.

पुरस्कार म्हटलं की माझं नाक मुरडायचंच. पण अर्ज भरायला मदत करताना इतर ठिकाणचे असे पुरस्कार वाचून काढले आणि थोडी नरमले. ब्रिटनमध्ये १९९६ साली सुरू झालेला ग्रीन फ्लॅग पुरस्कार मला पटला. तो मिळवून भिंतीवर टांगला की संपलं, असं नाही. दरवर्षी नव्याने अर्ज करायचा. १०० गुणांपैकी ३० कागदपत्रांना, ७० प्रत्यक्ष बागेला, आणि एकूण ६६ तरी पडले पाहिजेत. परीक्षक स्वयंसेवक असतात आणि काही वेळा न कळवता येऊन पाहून जातात. आमच्याकडचे परीक्षक कळवून आले होते. आदल्या संध्याकाळी बाकांना रंग दिला गेला. त्यांच्यातल्या एकांच्या पँटवर दोन हिरवे पट्टे उठले, तरी पुरस्कार मिळाला, म्हणजे माणूस मोठ्या मनाचा असणार.

स्पेनमधल्या व्हितोरिया-गास्तेइस या शहराला २०१२ साली ‘युरोपियन ग्रीन कॅपिटल’ हा किताब मिळाला. त्याच्या जवळपास वीस वर्षं आधीपासून ते लोक शहराच्या कडेच्या उजाड जागा एकेक करून सावरत होते. शेतीसाठी चर खणून कोरडी केलेली सालबुरुआची पाणथळ त्यांनी पुन्हा भरू दिली. पक्षी परतले, आणि पुराचं पाणी शहरात शिरण्याऐवजी तिथे पसरायला लागलं. वीस वर्षं! आमच्या फलकावर ‘विक्रमी वेळेत पूर्ण’ असं लिहिलंय. बागेच्या बाबतीत ही कौतुकाची गोष्ट कशी काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

कोलंबियातल्या मेदेयीनचं काकांना वाचून दाखवलं होतं. रस्त्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेने ३० हरित पट्टे, शहराचा ताप उतरवण्यासाठी. त्या कामाला २०१९ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. झाडांचे आकडे वाचले तेव्हा काका कुंडीतलं तण काढत राहिले. वंचित वस्त्यांतल्या ७५ जणांना शिकवून शहराचे माळी केलं, हे वाचल्यावर मान वर केली.

“पगारी?”

“हो.”

“मग जगली असतील.”

आमच्या अर्जात देखभालीचा रकाना होता. तिथे ‘लोकसहभागातून’ एवढा एक शब्द पडला. लोकसहभाग म्हणजे आम्ही दहा-बारा, त्यातले उन्हाळ्यात पाच. काकांचं नाव अर्जात कुठेच नव्हतं. मी शेवटच्या मसुद्यात घातलं होतं, छापील प्रतीत ते गळालं. आज व्यासपीठावरही त्यांना कुणी बोलावलं नाही. ते पंपाच्या खोलीपाशी उभे होते. मी तरी हात धरून त्यांना पुढे आणायला हवं होतं, नाही आणलं.

गवताच्या तक्रारीबद्दल सविस्तर पुन्हा कधीतरी लिहीन. मागच्या कोपऱ्यात रानफुलांसाठी गवत वाढू दिलंय. फुलं बी धरून झाली की वर्षातून एकदा कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं, म्हणजे जमिनीचा कस उतरतो, दांडगं गवत मागे हटतं आणि फुलझाडांना जागा मिळते. पुरस्काराच्या मानपत्रात त्या कोपऱ्याचं खास कौतुक आहे. शेजारच्या इमारतीतून मात्र ‘साधं गवत कापायला होत नाही यांना’ म्हणून तीन अर्ज आलेत.

आठ नंबरमध्ये आता नवं रोप आहे. शाळेतल्या एका मुलीने लावलेलं, पाळी माझी. सगळे पांगल्यावर आळ्यात बोट खुपसून पाहिलं. दोन पेरं आत गेलं तरी कोरडं. कार्यक्रमाच्या तयारीत आठवडाभर तिकडे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. नळी मांडवाच्या खांबांत अडकली होती, ती सोडवता सोडवता साडी चिखलाने भरली. दोनदा आळं भरलं. दुसऱ्यांदा पाणी मुरायला बराच वेळ लागला, तोवर काका येऊन शेजारी बसले. सन्मानचिन्हाचं वजन किती असेल, यावर आमची थोडी चर्चा झाली.

परवा नवी लागवड बघायला जायचंय, तिथेही तारच वापरलीय म्हणतात. पक्कड पिशवीत टाकून ठेवली.