योनप्योंग: खेकड्यांच्या हंगामात सीमेवरच्या बेटावर

योनप्योंग बेटाची बोट दक्षिण कोरियातल्या इंचॉनच्या प्रवासी बंदरातून सुटते आणि साधारण दोन तासांत पोहोचते. सुटायची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे बदलते आणि धुकं उतरलं की फेरी सरळ रद्द होते. म्हणून परतीचं विमान लगेचच्या दिवसाचं काढू नका. पासपोर्ट जवळ हवाच.

बेट दक्षिण कोरियाचं, पण टेकडीवर चढलात की समोर उत्तर कोरियाचा किनारा दिसतो. कोरियन युद्धाच्या १९५३च्या युद्धविरामात बेटं कुणाकडे राहणार ते ठरलं, समुद्रातली सीमा मात्र ठरलीच नाही. मग संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने आपल्या बाजूने एक रेषा आखली. उत्तरेला ती मान्य नाही. १९९९मध्ये त्यांनी स्वतःची रेषा जाहीर केली, तीही या बेटांच्या दक्षिणेला! आणि खेकडा सापडतो तो नेमका याच वादाच्या पाण्यात. १५ जून १९९९ आणि २९ जून २००२ला दोन्ही कोरियांच्या नौदलांत चकमकी झाल्या, दोन्ही ऐन खेकड्याच्या हंगामात. दुसरीत दक्षिणेचे सहा नौसैनिक गेले.

दांगसॉमच्या धक्क्यावर जरूर थांबा. होड्या जाळी तशीच, खेकड्यांसकट उतरवतात. बायका बुटक्या बैठकांवर बसून एकेक खेकडा सोडवतात. हिसका दिला तर नांगी तुटते आणि भाव पडतो, म्हणून आधी नांगीतला धागा, मग पाय, असं चालतं. मासेमारी कुठे करायची, किती वाजेपर्यंत करायची, हे इथे लष्करी परिस्थिती पाहून ठरतं. त्यात चिनी ट्रॉलर सीमारेषेच्या आडोशाने मासळी ओरबाडून नेतात. जून २०१६मध्ये इथल्या मच्छीमारांनी चिडून त्यांच्या दोन बोटी स्वतःच पकडून आणल्या. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या सर क्रीकजवळ पकडल्या गेलेल्या पालघरच्या खलाशांची आठवण मला इथे सतत येत होती.

२३ नोव्हेंबर २०१०ला उत्तरेने बेटावर तोफा डागल्या. दक्षिणेचे दोन मरीन सैनिक आणि दोन नागरिक गेले. त्या माऱ्यात जळालेली काही घरं तशीच जपून ठेवली आहेत. वाकलेले पत्रे, काळवंडलेल्या भिंती. तिथे सेल्फी काढू नका. शेजारी राहणाऱ्यांनी तो दिवस पाहिला आहे.

दीपगृहाकडेही जा. १९७४मध्ये सुरक्षेसाठी विझवलेला तो दिवा दोन्ही कोरियांच्या २०१८च्या समझोत्यानंतर, २०१९मध्ये पुन्हा लागला. तो समझोता पुढे मोडला. ५ जानेवारी २०२४ला उत्तरेने समुद्रात तोफा डागल्या आणि गावाला पुन्हा निवाऱ्यात जावं लागलं. मला तरी वाटतं, इथे शांतता मोजायची तर होड्या किती निर्धास्त बाहेर पडतात ते पाहावं.

आता कामाचं. खेकडा हवा तर एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये बंदी असते. लष्करी ठाण्यांचे फोटो काढायचे नाहीत, काटेरी तारेपलीकडे जायचं नाही, किनाऱ्यावर काही अनोळखी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही. खोलीत सामान टाकलं की जवळचा निवारा कुठे आहे ते घरमालकिणीला विचारून घ्या, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. रस्त्यांसाठी नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन नकाशाचं ॲप वापरा. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी बरोबर असू द्या. आणि सकाळी येऊन दुपारी परतू नका. एक रात्र राहा, जेवण गावातच घ्या, खेकडेही इंचॉनच्या बाजारातून न घेता इथेच घ्या.