एमडीपद सोडलं, संचालकपद ठेवलं : आमच्या कंपनीचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली आमची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड आहे. माझे सहसंस्थापक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एमडी (व्यवस्थापकीय संचालक) होते. रोजचा कारभार प्लँट हेडकडे द्यायचा, पण दादांना संचालक आणि भागधारक म्हणून ठेवायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं.

राजीनाम्याचा पहिला मसुदा चुकला. त्यात नुसतं 'पदाचा राजीनामा' होतं. त्याचा अर्थ संचालकपदही सोडलं असा लागू शकतो. मग स्पष्ट लिहिलं : एमडीपद अमुक तारखेपासून सोडतो, संचालक म्हणून कायम राहतो. बोर्डात ठराव झाला आणि पदनाम बदलल्याचा डीआयआर-१२ फॉर्म कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांच्या आत भरला.

खरी अडचण फॅक्टरी लायसन्सची. कंपनीच्या कारखान्याचा ऑक्युपायर, म्हणजे कायद्यानं कारखान्याला जबाबदार असलेली व्यक्ती, संचालकच असावा लागतो. प्लँट हेड संचालक नाहीत, ते फार तर फॅक्टरी मॅनेजर होऊ शकतात. इथे दुर्लक्ष झालं असतं तर भट्टीवर अपघात झाल्यावर जबाबदार दादाच धरले गेले असते, तेही हातात कसलाच अधिकार नसताना. म्हणून ऑक्युपायर म्हणून माझं नाव लावलं. कॅश क्रेडिटची (मालाच्या तारणावर बँकेकडून मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची) दादांनी दिलेली वैयक्तिक हमीसुद्धा पद सोडलं म्हणून सुटत नाही, बँकेनं लेखी मोकळं करावं लागतं. तोवर दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) दादांना द्यायचं, हे आमच्यातल्या करारातच घातलं. बँकेतली सही, जीएसटी आणि पीएफ पोर्टलवरचे अधिकार त्याच आठवड्यात बदलले.

दादांचा पगार थांबला, सिटिंग फी (बोर्डाच्या बैठकीला हजर राहण्याचं मानधन) सुरू झाली. ती एका बैठकीला जास्तीत जास्त १ लाख. संचालक नोकरीत नसल्यानं त्यावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे सेवा देणाऱ्या संचालकाऐवजी घेणारी कंपनी भरते. हे हिशेबनिसाला आधी सांगून ठेवा.

कागद झाले तरी मोल्डर (साचे बनवणारे कामगार) दादांनाच विचारायचे, "दादा, आज हीट (भट्टीत धातू वितळवण्याच्या फेऱ्या) किती लावायच्या?" आणि सवयीनं दादा सांगायचे. प्लँट हेडचं वेळापत्रक तिथंच मोडायचं. मग एक पान लिहून दादा आणि प्लँट हेड दोघांच्या सह्या घेतल्या : हीट, खरेदी, भरती, रजा प्लँट हेडकडे, जुने ग्राहक आणि नवीन पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) दादांकडे. कामगारांना ते दादांनी स्वतः शिफ्ट बदलताना उभं राहून वाचून दाखवलं. मी वाचलं असतं तर लोकांना वाटलं असतं, दादांना काढलं.