खेळ झाला, आता बोला ना

मोठ्या माणसांना शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे अजूनही माईक, पीपीटी आणि मधात चहा-समोसा. बाया ऐकतात, माना हलवतात, हजेरीवर सही करतात आणि घरी जाऊन जसं चाललं होतं तसंच चालू. त्यांना समजत नाही असं बिलकुल नाही, उलट अख्खा संसार ओढलेल्या असतात त्या, पैशाबद्दल त्यांची मतं पक्की झालेली असतात आणि ती मतं कोणी विचारतच नाही.

मी नागपुरात बचत गटांना हिशोबाचं ट्रेनिंग देते. सगळ्यात जास्त गाडी अडते व्याजावर. शेकडा दोन म्हणजे वर्षाचे २४ टक्के, हे फळ्यावर कितीही वेळा लिहा, फरक पडत नाही, कारण सावकार शेकडा पाच घेतो, मग दोन स्वस्तच ना! म्हणून मी पोरांच्या व्यापार खेळातल्या नोटा घेऊन जाते. कर्ज १०,०००, महिन्याला हजार मुद्दल परत, दहा महिने. एक जोडी दरवेळी पूर्ण १०,००० वर व्याज धरते, म्हणजे प्रत्येक महिन्याला २००. दुसरी जोडी उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे २००, १८०, १६० असं उतरत. शेवटी नोटा मोजल्या की इकडे व्याज २,००० आणि तिकडे १,१००. दर दोन्हीकडे शेकडा दोनच.

हिंगण्याकडच्या एका बॅचमध्ये सातव्या महिन्यालाच एक काकू नोटा हातात धरून अडल्या. "थांबा मॅडम, सहा हजार तं मी देऊन बसली, मंग त्याचं व्याज काहून देऊ?"

इथे बरेच ट्रेनर टाळ्या वाजवतात आणि पुढच्या खेळाकडे पळतात, अजेंडा संपवायचा असतो. माझ्या मते असा खेळ आणि भाषण सारखंच, फक्त बाया जरा हसतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्बनी १९८४ मध्ये मांडलेलं शिकण्याचं चक्र ट्रेनिंगवाल्यांना पाठ असतं, आधी अनुभव, मग त्यावर विचार, त्यातून काढलेला नियम, आणि तो पुन्हा करून बघणं, पण गाडी पहिल्याच स्टेशनवर उभी राहते. मी काकूंना उत्तर दिलं नाही, सगळ्यांना विचारलं, तुमच्या हप्त्यावाल्या कर्जात व्याज कशावर धरतात?

मग जो गोंगाट झाला! कोणाला एजंटचा राग, कोणाला नवऱ्याचा. गटाची सचिव मात्र गप्प, कारण गटातल्या कर्जावर ती स्वतःच पूर्ण रकमेवर व्याज लावत होती, आधीच्या सचिवबाईने शिकवलं तसं. मोठी माणसं कशी शिकतात याचे अभ्यासक जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये कॉलेजात परतलेल्या अमेरिकन बायांवरून हेच मांडलं होतं, धरून चाललेल्या समजुतीला धक्का बसतो तेव्हा मोठं माणूस बदलायला लागतं. अशा वेळी ट्रेनरने घाईघाईत "असू द्या ताई" म्हणू नये, बसू द्यावं तिला त्या धक्क्यासोबत थोडं.

गृहपाठ एकच, घरचं कर्जाचं कार्ड घेऊन या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सवाल्यांना, म्हणजे गरीब घरांना छोटी कर्जं देणाऱ्यांना, कर्जदाराला समजेल अशा भाषेत कार्ड द्यावं लागतं, पण ते बहुतेक घरी डब्यात घडी करून पडलेलं असतं.

पुढच्या वेळी कार्डं आली, आणि सचिव न सांगता गटाचं रजिस्टरही घेऊन आली. नवीन कर्जाला उरलेल्या रकमेवरच व्याज असं ठरलं. जुन्या कर्जांचं जास्तीचं व्याज परत द्यायचं का, यावर भांडण अजून चालू आहे, मी त्यात पडत नाही, गट त्यांचा आहे.